ऐकू आलं

कृष्णपुऱ्याच्या छत्रीच्या तिसऱ्या पायरीवर
आई अचानक म्हणाली,
"तिथे तुम्ही काय बोलला होता?"

रविवारची सकाळ. खाली कान्ह नदीचा ओळखीचा वास,
बाबांच्या हातात कागदाच्या पुडीत पोहे,
पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावन.
"तिथे म्हणजे?"
"तिथेच. चीनमध्ये. राजाच्या देवळात."

पाच महिने होऊन गेले त्याला.
श्रीरंगला राणीपुऱ्यातल्या दुकानासाठी
दिव्यांच्या माळांचा सौदा करायचा होता
आणि या खेपेला काय सुचलं त्याला,
सगळ्यांचीच तिकिटं काढली.
बाबांनी पासपोर्टसाठी बंडीला आतून खिसा शिवून घेतला.
आईने पाव किलो जिरावन नेलं
आणि बीजिंगच्या हॉटेलात नूडल्सवर, भातावर,
शेवटी कलिंगडावरसुद्धा भुरभुरवलं.

देऊळ गोल होतं. एकावर एक तीन छपरं, निळी.
"आपल्या लोणच्याच्या बरणीचं झाकण," आई म्हणाली,
आणि मग मला ते दुसरं काही दिसेचना.
आत मूर्ती नाही, घंटा नाही.
आईने हात जोडले खरे,
पण कुणाला, ते कळेना; तसेच धरून ठेवले.
"मग राजा इथे येऊन करायचा काय?"

व्यापाऱ्याची मुलगी होती आमच्याबरोबर, लान नावाची.
श्रीरंगशी आकड्यांत बोलायची, आमच्याशी बोटांनी.
तिने आभाळाकडे बोट केलं,
मग मूठ उघडत पेरल्यासारखं केलं.
"पीकपाणी मागायचा," बाबा म्हणाले.
"एवढा मोठा राजा, तोसुद्धा मागायचाच!"
आईला फार बरं वाटलं.

मग ती भिंत.
राखी विटांची, गोल फिरत गेलेली.
इकडे कुजबुजलं की तिकडे पोचतं म्हणे,
मधल्या देवळामुळे माणूस दिसत नाही, फक्त शब्द येतो.
श्रीरंग बाबांना एका टोकाला घेऊन गेला,
मी आईला दुसऱ्या.
शाळेची पोरं आरोळ्या ठोकत होती,
एका आजोबांनी तर मोबाईलच धरला होता भिंतीपुढे.
आईने पदर खोचला, कठड्यावरून वाकली
आणि भिंतीकडे कान केला.
डावा.

डावा तिचा बावीस वर्षं बंद आहे.
मी सांगायला हवं होतं.
पण ती डोळे मिटून अशी उभी होती
की मला मध्ये पडवेना.

दाराशी सगळे भेटलो. "आलं का ऐकू?" श्रीरंगने विचारलं.
"आलं," आई म्हणाली.
"मलाही," बाबा म्हणाले.
लानने टाळ्या वाजवल्या.

"खरं सांगते," आई आता म्हणते,
"मला काही म्हणजे काही आलं नव्हतं."

बाबा पोह्यातला डाळिंबाचा एक दाणा
बोटाने इकडून तिकडे करत राहतात.
बत्तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली त्यांनी;
तिथे ओठ वाचायची सवय लागली
आणि घरी बोलायची सुटली.
गिरणी बंद पडली, तरी ती परत आली नाही.
"मी बोललोच नव्हतो," ते म्हणतात.
"एवढ्या लोकांत काय बोलणार?
मला वाटलं, तू बोलशील."
"मग मलाही आलं, असं का म्हणालात?"
"तू आलं म्हणालीस ना."

आईने हातातला रिकामा कागद चुरगळला,
माझ्याकडे दिला.
उठली, गुडघ्यावर हात ठेवून दोन पायऱ्या चढली
आणि एका कोरीव खांबामागे जाऊन उभी राहिली.
या वेळी उजवा कान दगडाला.
"बोला."

बाबांनी पुडी पायरीवर ठेवली. घसा साफ केला.
इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
तशी मी नदीकडे तोंड केलं.
तेवढ्यात पुलावरून कचऱ्याची गाडी आली
आपलं ते गाणं गात,
आणि एका पोराने ओरडून विचारलं, "ओ भिया, टाइम क्या हुआ?"

बाबा काहीतरी म्हणाले.
लहानसंच असणार; ओठ एकदाच हलले म्हणे,
श्रीरंगने पाहिलं.

खांबामागून आईचा आवाज आला.
"पुन्हा."